आक्का म्हणत्यात

आमच्या चौकात फलक लागायला फार मोठं कारण लागत नाही. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचा मुलगा फौजदार झालेला असतो, कुणाच्या म्हशीचा पळण्यात पहिला नंबर आलेला असतो. मागं एकानं नवी बुलेट घेतली म्हणून स्वतःच स्वतःचं अभिनंदन केलं होतं. त्यामुळे मी माझ्या थोरल्या बहिणीचा दहा बाय आठचा फलक लावला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. 'कर्करोगाला आस्मान दाखवणाऱ्या आमच्या आक्का यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन.' दोनदा हार्दिक ही माझी सूचना. मधे आक्काचा फोटो, माझ्या मुलीच्या लग्नातला, हिरव्या शालूतला. खाली शुभेच्छुक म्हणून मी. फलक करणाऱ्यानं विचारलं होतं, "तुमचा केवढा घिऊ?" मी म्हणालो, "दिसला पायजे." दिसला. आक्कापेक्षा चार बोटं मोठा दिसला. बायको भाजी आणायला खाली उतरली, फलकासमोर बराच वेळ उभी राहिली आणि वर येऊन म्हणाली, "आजारी कोण हुतं? तुम्ही का वन्सं?"

कॅन्सर गेला होता, हे मात्र खरं. फलकावर तेवढंच खरं होतं. जिचं अभिनंदन चाललं होतं ती त्या वेळी आमच्या मधल्या खोलीत, खाटेवर, दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेली होती. उशी काढली की ती डावीकडे कलंडायची. तिला एका माणसाची दोन माणसं दिसत. भाताचा घास ती हातात घ्यायची आणि तो गालाला जायचा, कानाला जायचा, तोंडाला जायचा नाही. आणि हे कॅन्सरनं केलेलं नव्हतं, औषधांनीही नाही. कॅन्सरशी भांडता भांडता तिच्याच शरीरानं हे केलं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी फलक लावला. का लावला, हे सांगायचं तर हुपरीपासून सुरुवात करायला हवी.

आक्का हुपरीची. म्हणजे दिलेली तिथं. पस्तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि माहेरी ये म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या घरात माझा पाट कुठं मांडू?" पाट म्हणजे तिचा कामाचा पाट. हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. ती पैंजणाच्या कड्या जोडायची. केसापेक्षा थोडी जाड तार, तिची कडी, कडीत कडी अडकवायची, चिमट्यानं दाबायची, आणि फुंकनळीनं ज्योत वळवून ते तोंड झाळून टाकायचं. जोड दिसता कामा नये. चाळीस वर्षं तिनं हे केलं. तिथले एक जैन शेठ तिला तार देत आणि तयार साखळी घेऊन जात. शेठ म्हणायचे, आक्काची साखळी हातातून सोडली तर पाण्यासारखी खाली येते. ती माझ्याशी कधी गोड बोलली नाही, पण हे वाक्य तिनं मला पन्नासदा तरी ऐकवलं असेल.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका कारखान्यात मोठ्या पंख्यांचं बॅलन्सिंग करतो. भट्ट्यांना हवा मारणारे, धूर ओढून घेणारे लोखंडी पंखे. पंखा फिरताना थरथरला म्हणजे त्याची एक बाजू जड; समोरच्या बाजूला वजनाचा तुकडा वेल्डिंगनं डकवायचा, की झाला शांत. इतकी वर्षं हेच केल्यामुळे जगात जे जे काही थरथरतं त्यावर आपल्याकडे इलाज आहे, असा माझा समज होता.

एका रविवारी हुपरीला गेलतो, तर आक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजलेली. ज्योत कडीवर जायच्या ऐवजी बोटांवर गेली होती.

"डोस्कं गरागरा फिरालंय," ती म्हणाली. "उठलं की जमीन डावीकडं जातीया."

डॉक्टरांनी चक्करच्या गोळ्या दिल्या होत्या. मी म्हटलं, गोळ्यांनी काय होतंय, आपण मूळ शोधू. गाडीच्या डिकीत सपाटी बघायची पाणसळ होती. ती तिच्या खोलीत जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला सरकला. मला इतका आनंद झाला की मी तिला धरून दाखवायला नेलं. "आक्का, तुझ्यात काय बी न्हाय. जमीनच वाकडी हाय." तिनं बुडबुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला दोन बुडबुडं दिसालेत." मी म्हणालो, चष्म्याचा नंबर बदलला असणार.

मग मी ती खोली उकरली. फरशी नवी टाकली. अठरा दिवस गवंडी, वाळू, सिमेंट. आक्का शेजारच्या भाभींकडे राहायला गेली. भाभींच्या घरात तिच्याच साखळ्यांना पॉलिश व्हायचं, त्यामुळे दोघींचं दिवसभर जाणंयेणं असायचंच. काम झालं, मी चारी कोपऱ्यांत पाणसळ लावून बघितली, बुडबुडा मधोमध. आक्काला बोलावलं. ती भिंतीला धरून आली, आणि त्या सपाट, चकचकीत फरशीवर दारातच पडली.

भाभींनी तिला उचललं आणि मला बाजूला घेतलं. "भाऊ, जमीन चांगली झाली. पण मी चार दिवस झालं बघतीया, आक्काची जीभ जड झालीया. फोनवर बोलली तर माझी बहीण म्हणाली, आक्का घेती काय? डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." आमच्या भाभी शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या. मी डिप्लोमाधारक.

आक्काला कोल्हापुरात आमच्या घरी आणलं. मेंदूचा एमआरआय काढला, तो चांगला आला. मी त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटले. 'मेंदू क्लीन,' म्हणून सांगत सुटलो. हे पेढे पहिले. पुढं आणखी वाटले, ते येईलच.

पण मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना तो चांगला एमआरआय आवडला नव्हता. त्यांनी आक्काला समोर बसवलं, स्वतःचं बोट पुढं धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या बोटाला बोट लावा, मग तुमच्या नाकाला." आक्काचं बोट निघालं ते वाटेत डुलत डुलत बाईंच्या मनगटावर आपटलं, आणि परत येताना नाक चुकवून कानाशी पोचलं. आक्का हसली. "चाळीस वरीस कड्या गावत हुत्या," ती म्हणाली, "आता नाक गावंना." मी मागच्या खुर्चीवर बसून गुपचूप स्वतः करून बघितलं. माझं बोट नाकावर बरोबर बसलं आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

पाठीतलं पाणी काढलं, रक्त बाहेरगावी पाठवलं. अहवाल आला तेव्हा बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. आक्का बाहेर चाकाच्या खुर्चीत, माझ्या बायकोजवळ.

बाई म्हणाल्या, "यांच्या शरीरात कुठंतरी कॅन्सर असणार. बहुतेक स्तनाचा किंवा अंडाशयाचा. आपण शोधू. पण तो बारीक असेल. शरीराला तो सापडलाय आणि शरीर त्याच्याशी लढतंय. अडचण अशी की त्या कॅन्सरच्या पेशींवर जी खूण असते, तशीच खूण तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशींवरही असते. शरीर दोघांना मारतंय."

मला समजायला वेळ लागला. मग आमच्या पेठांतला फुटबॉल आठवला आणि एकदम समजलं. मैदानात भांडण लागलेलं आहे; कुणी एक चोर समोरच्या संघाची जर्सी घालून गर्दीत घुसला, आपल्या पोरांनी त्याला बरोबर हेरला, हाणला; पण हात एकदा सुरू झाले की थांबतात कुठं. ती जर्सी दिसेल त्याला हाणत सुटले. पाणी विकणाराही त्याच रंगाचा शर्ट घालून आला होता, त्यालाही आडवा केला. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, साधारण असंच." मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं आणि मी विचारलं, "मग पोरांना आवरलं की पाणीवाला उठंल न्हवं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या पेशी मेल्या की परत तयार होत नाहीत. जे गेलं ते गेलं. उरलेलं वाचवता येतंय का बघायचं. त्यासाठी गाठ काढायची, शरीराची लढायची ताकद आवरणारी औषधं द्यायची, मग केमो. पण चालणं, हात, बोलणं पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही. बहुतेक होत नाही."

मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, हा आजार त्याचं काम पहिल्या काही आठवड्यांतच करून टाकतो. लवकर आलेलं बरं असतं, पण तुमच्या बाबतीत काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही. मी मनात अठरा दिवस म्हणालो. मोठ्यानं म्हणालो नाही.

बाहेर आलो. आक्का म्हणाली, "काय म्हणाल्या?"

"बारीक गाठ हाय. काढली की झालं."

"हात?"

आक्कानं गाठीचं विचारलंच नाही. कॅन्सर शब्द मी तिला घरी जाऊन सांगितला तेव्हाही तिनं पापणी हलवली नाही. तिला एकच जाणून घ्यायचं होतं.

"सहा महिन्यांत पाटावर बसशील," मी म्हणालो.

"बाई म्हणाल्या?"

"बाई म्हणाल्या."

गाठ काखेत सापडली, हरभऱ्याच्या डाळीएवढी; कॅन्सर स्तनाचाच निघाला. पाच दिवस सलाइनमधनं औषध झालं, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाला. केस गेले, तोंड आलं, अन्न नको झालं. तिसऱ्या केमोनंतर आक्का म्हणाली, बास. मी हुपरीला गेलो, तिचा पाट, चिमटा, फुंकनळी आणि थोड्या कड्या डब्यात घालून घेऊन आलो आणि तिच्या खाटेखाली ठेवलं. "हे बघ. शेठ रोज फोन करालेत. तीन डोस ऱ्हायलेत, मग तुझं काम सुरू." शेठनी एकदाच फोन केला होता. आक्कानं खाटेखाली वाकून बघायचा प्रयत्न केला, पडली, आणि पुढचा डोस घेतला.

मधल्या काळात मी माझ्या धंद्यातली अक्कल लावली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती की मनगटाला थोडं वजन बांधलं तर हाताचा झोका कधी कधी कमी होतो, दीडशे ग्रॅम बांधून बघा. मी म्हटलं, दीडशेनं काय होतंय. कारखान्यात कॅनव्हासच्या पट्ट्यांत लोखंडाचे छर्रे भरून घेतले, दोन्ही मनगटांना पाऊण पाऊण किलो. बांधल्याबरोबर आक्काचे दोन्ही हात खाटेवर पडले आणि तिथंच राहिले.

"बघ, थरथर थांबली," मी म्हणालो.

"मेल्याची बी थांबती," आक्का म्हणाली.

हे वाक्य बोलायला तिला जवळजवळ मिनिट लागलं. तोवर तिचं बोलणं असं झालं होतं की एक शब्द ढकलल्यासारखा मोठा यायचा, पुढचा घशात अडकायचा, तिसऱ्याचे तुकडे व्हायचे. बुद्धी मात्र जिथल्या तिथं. मला आणि माझ्या बायकोलाच ते कळायचं. बायको समोरच्याला सांगायची ते आक्का बोलली तसंच, त्यामुळे पाहुणे आले की मी बायकोला चहाला पाठवायचो आणि दुभाषा स्वतः व्हायचो. आक्का म्हणायची, "ही बया माझं हाल बघायला आलीया. घालव हिला." मी म्हणायचो, "आक्का म्हणत्यात, आलासा, लई बरं वाटलं." आक्का म्हणायची, "मला मरण का येईना?" मी म्हणायचो, "आक्का म्हणत्यात, देवाची कृपा." मला ते जमायला लागलं होतं. जमायला लागलं की आवडायलाही लागलं. काही काही वेळा तर ती बोलायच्या आधीच माझं भाषांतर तयार असायचं.

केमो संपला. तपासणी झाली. कॅन्सरचे डॉक्टर हसून म्हणाले, "कुठंही रोग दिसत नाही." हे दुसरे पेढे. आणि त्यानंतर फलक.

फलक लागल्यावर आमच्या गल्लीतल्या तालमीच्या अध्यक्षांना वाटलं की सत्कार केला पाहिजे. अध्यक्ष जुने पैलवान, भला माणूस, त्यांना आजाऱ्याचं फार वाटतं. बायको म्हणाली, "वन्संना इच्यारलं का?" मी म्हणालो, इच्यारतो. विचारलं नाही.

चौघांनी खुर्चीसकट आक्काला तालमीच्या अंगणात नेलं. शाल घातली, नारळ मांडीवर ठेवला, तो घरंगळला. भगवा फेटा बांधला. आक्काचं डोकं सारखं झुलायचं, त्यामुळे फेटा पहिल्यांदा डाव्या डोळ्यावर आला, मग उजव्या. अध्यक्ष म्हणाले, "आक्का, चार शब्द बोला. ह्या बायकांना धीर येऊ दे." आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला.

मी तिच्या खुर्चीला टेकून उभा होतो. ती बोलली. फार वेळ लागला. माइकमधनं मोठमोठे, फुटलेले आवाज आले. शब्द मला सगळे कळले. ती म्हणाली, "मी बरी न्हाय. ह्यो सांगतोय ते खोटं हाय."

मी माइक हातात घेतला.

"आक्का म्हणत्यात," मी म्हणालो, "तुमच्या आशीर्वादानं मी आज बरी हाय. आक्का म्हणत्यात, धीर सोडू नका. आक्का म्हणत्यात, जिद्द असंल तर कायबी अवघड न्हाय." जवळजवळ पाच मिनिटं आक्का म्हणत होत्या. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले.

मग एक बाई पुढं आली. चाळिशीची, साध्या साडीतली. तिच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर होता, त्याच आठवड्यात कळलेला. तिनं आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का, आमच्या ह्यांस्नी बी आशीर्वाद द्या." आक्कानं हात उचलला. तिला त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, मला खात्री आहे. हात वर गेला, झुलला आणि त्या बाईच्या तोंडावर सणकून बसला. बाईचा ओठ दातावर आपटून फुटला. त्या बाईनं पदर ओठाला लावला, पुन्हा वाकली, आणि म्हणाली, "आशीर्वाद मिळाला." तिला ते खरंच वाटलं होतं. ती समाधानानं गेली. आक्का तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि दोन दिवस आक्का कुणाशीच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको देवळात गेली होती. आक्का म्हणाली, "पाट काढ."

मी म्हणालो, आज नको, आज थंडी हाय. ती म्हणाली, "काढ."

पाट काढला. जमिनीवर गादी टाकली, पाठीला लोड, दोन्ही बाजूंना उशा, आणि तिला बसवली. ज्योत पेटवायला मी तयार नव्हतो. ती म्हणाली, ज्योत नको, नुसती कडी जोडायची आहे. कड्या तिच्यासमोर ठेवल्या. चिमटा तिच्या बोटांत दिला. तो पडला. पुन्हा दिला. तिनं एक डोळा मिटला, म्हणजे दोन कड्यांची एक दिसेल, आणि हात पुढं नेला. जवळ जाईल तसा तो हात जास्त झुलू लागला. लांब असताना कमी, कडीपाशी पोचताना सगळ्यात जास्त. चिमट्यानं कड्यांचा ढीग उडाला. मी गोळा केल्या. पुन्हा उडाला. मी पुन्हा गोळा केल्या. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. तिच्या कपाळावरनं घाम नाकाशी आला होता आणि तिला तो पुसता येत नव्हता. मी पुसायला हात पुढं केला, तर मान फिरवून घेतली.

एक कडी चिमट्यात आली. आली कशी, तिलाही कळलं नसेल. दुसऱ्या कडीजवळ गेली, आणि निसटून खाटेखाली गेली.

आक्कानं चिमटा सोडून दिला.

"पयल्या दिवशी," ती म्हणाली, "बाई काय म्हणाल्या हुत्या? जसंच्या तसं सांग."

मी सुरुवात केली की बाई म्हणाल्या, प्रयत्न केला तर. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हा दोन मी दिसत असणार, आणि दोघंही खोटं बोलत होते. मग मी सांगितलं. त्या पेशी परत येत नाहीत. जे गेलं ते गेलं. हात, पाय, बोलणं, पहिल्यासारखं बहुतेक होत नाही.

"एवढं म्हणायला वरीस लागलं?"

"आक्का, तवा सांगितलं असतं तर तू औषध घेतलं असतंस?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय. मेली असते." ती थांबली. दम घेतला. "त्यो माझा इचार हुता. तुझा न्हवं."

मला बोलता येत नाही अशी वेळ आयुष्यात दोन-तीनदाच आली असेल, आणि बायकोला त्या सगळ्या तोंडपाठ आहेत. ही एक तिला माहीत नाही. मी कड्या डब्यात भरत बसलो.

"शेठला फोन लाव," आक्का म्हणाली.

मी लावला आणि मोबाइलचा आवाज बाहेर ठेवला. शेठ लगेच बोलले. "आक्का, फलकाचा फोटो आला की व्हॉट्सॲपवर. लई आनंद झाला बघा. मग कवा सुरू करायचं? तार काढूनच ठेवलीया मी. तुमच्या साखळीची गिऱ्हाइकं दुसरी घेईनात."

आक्का बोलली. हळूहळू, एकेक शब्द.

"आवाज कापत यालाय," शेठ म्हणाले. "काय म्हणत्यात आक्का?"

माझ्या तोंडात भाषांतर तयार होतं. आक्का म्हणत्यात, अजून थोडे दिवस; आक्का म्हणत्यात, जोर येऊ दे जरा. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत होती, दुकानात माप घालणाऱ्याकडे बघावं तशी.

"आक्का म्हणत्यात," मी म्हणालो, "माझा हात गेला. परत येणार न्हाय. माझी तार दुसऱ्याला द्या."

शेठ म्हणाले, "असं कसं, बघा की अजून चार महिनं. आमच्या पाहुण्यांत एकांना अर्धांगवायू झालता, आता गाडी चालवत्यात. आक्कांना म्हणावं धीर सोडू नका."

आक्कानं एक शब्द उच्चारला.

"काय म्हणाल्या?"

"ठेवा म्हणत्यात," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. आक्का आमच्याकडेच आहे. पाट शेठचा माणूस येऊन घेऊन गेला. तिनं शेठच्या सुनेला द्यायला सांगितला होता. लोक अजून येतात, कॅन्सर बरा झालेल्या बाईला बघायला. मी जे ती बोलते ते सांगतो. त्यामुळे लोक कमी येतात. 'घालव हिला' हे सांगायला मला अजून अवघड जातं, पण सांगतो, आणि मग जिन्यापर्यंत पोचवायला जाऊन माफी मागतो. ते आक्काला माहीत नाही. असेलही.

मेंदूच्या बाईंकडे शेवटचं गेलतो तेव्हा त्यांनी नवा एमआरआय दाखवला. लहान मेंदू आक्रसला आहे. मलाही दिसलं, वाळलेल्या फुलकोबीसारखं. त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं नाही. मीच म्हटलं होतं, आक्कासमोर बोला. त्या आक्काकडे बघून बोलल्या, आणि काही सुधारेल असं म्हणाल्या नाहीत. आक्कानं ऐकून घेतलं. तिला पुढं काही विचारायचं नव्हतं.

परवा कॅन्सरची तपासणी होती. अहवाल आणायला मी एकटाच गेलो. परत आलो तेव्हा बायको तिला चमच्यानं पेज भरवत होती, आणि निम्मी पेज हनुवटीवरनं खाली येत होती.

"काय?" आक्का म्हणाली.

"कॅन्सर न्हाय."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

तिनं डोळे मिटले. बायकोनं चमचा पुढं केला, तिनं तोंड उघडलं नाही. थोड्या वेळानं उघडलं.